मॅन्डोलिनचा उजवा हात: पिक धरण्यापासून दा-रा बसेपर्यंत

संध्याकाळी मारोतीच्या देवळात माझ्याकडे तीन-चार पोट्टे मॅन्डोलिन शिकायला येतात, त्यांची अन् बाकी सगळ्या नवीन शिकणाऱ्यांची गोष्ट सारखीच असते. लक्ष सगळं डाव्या हातावर. कोणत्या पडद्यावर (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) सा, कोणत्या पडद्यावर ग, हे एका आठवड्यात तोंडपाठ होतं, आणि उजवा हात मात्र आपला कसाही चालू असतो, कोणाचा कोपरापासून हलतो, कोणाचा खांद्यापासून, कोणी पिक, म्हणजे तार छेडायची ती छोटी चकती, असं आवळून धरतो की नखं पांढरी पडतात. मग महिन्याभरानं विचारतात की दादा, सूर तर बरोबर लागून राहिले मग आवाज असा टिनासारखा काहून येते? तर त्याचं उत्तर उजव्या हातात आहे. डावा हात फक्त कोणता सूर ते सांगतो, तो सूर कसा ऐकू यायचा, गोड का कर्कश, लयीत का लयीच्या बाहेर, हे सगळं उजवा हात ठरवतो. म्हणून मी पहिला पूर्ण महिना डाव्या हाताला सुट्टीच देतो. मोकळ्या तारा आणि उजवा हात, बस.

मी स्वतः बेंजोवरून मॅन्डोलिनवर आलो. लग्नाच्या पार्टीत बेंजो वाजवायचो, तिथं हात जोरात मारायची सवय, कारण बाजूला ताशे अन् ढोल. तोच हात मी मॅन्डोलिनवर आणला आणि दोन लग्नसराया तसाच वाजवला, कोपरातून. दिवसभर फवारणीचा पंप पाठीवर घेतल्यावर हात कसा भरून येतो, तसा तासाभरात माझा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत दगड व्हायचा. लय वाढली की हात अडकायचा, आणि लांब सूर धरायचा म्हटलं की थरथर यायची. मला कोणी सांगितलं नाही की हे चुकीचं आहे, आणि ती सवय मोडायला मला पुढं जवळजवळ वर्ष लागलं. तुमचं वर्ष वाचावं म्हणून एवढं सगळं लिहून राहिलो.

आधी वाद्य थोडं समजून घ्या. मॅन्डोलिनला आठ तारा, पण त्या चार जोड्या. जाडीकडून बारीककडे जी, डी, ए, ई, म्हणजे व्हायोलिनसारखंच ट्यूनिंग. ए ची जोडी 440 हर्ट्झवर, मोबाईलवर ट्यूनरचं कोणतंही फुकट अ‍ॅप टाका, ते दाखवतं. जोडीतल्या दोन्ही तारा एकदम सारख्या सुरात पाहिजेत. त्यात जराही फरक असला तर उजवा हात कितीही चांगला असला तरी आवाज फाटकाच येणार, आणि तुम्ही उगाच हाताला दोष देत बसणार. म्हणून रोज आधी सूर जुळवायचा, मग पिक हातात घ्यायचं.

आता पिक. मला पहिलं मॅन्डोलिन घेतलं तेव्हा दुकानदारानं सोबत एक पातळ, लवलवतं, गिटारीचं पिक दिलं होतं आणि मी तेच वर्षभर वापरलं. पातळ पिक तारेवर आपटतं तेव्हा तार हलण्याआधी पिकच वाकतं, मग सुराच्या आधी एक टिक-टिक असा प्लास्टिकचा आवाज येतो आणि सूर मागून येतो. मॅन्डोलिनच्या तारा जोडीत असतात, वरून ताण भरपूर, त्यामुळं तिला जाड पिक लागतं. 1 मिलिमीटरच्या खाली जाऊ नका, 1.2 ते 1.5 पर्यंतचं मिळालं तर उत्तम. बहुतेक पिकवर जाडी छापलेली असते, ती बघून घ्या. गावात काहीच मिळत नसेल तर जुन्या एटीएम कार्डाचं कापून काही दिवस भागतं, पण कार्ड 0.76 मिलिमीटरचं असतं म्हणजे तेही जरा पातळच, आणि कापलेली कड धारदार राहते, ती पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केली नाही तर तारेवर खरखर करते. तिकोनी मोठं पिक असेल तर अजून एक गोष्ट करून बघा, टोकदार कोपऱ्याऐवजी त्याचा गोल खांदा तारेला लावा. आवाज लगेच जाड आणि गोल होतो. टोकानं आवाज कुरकुरीत आणि मोठा येतो. दोन्ही वाजवून बघा, कानाला जे आवडलं ते ठेवा, यात बरोबर-चूक काही नाही.

धरायचं कसं, हे जरा सावकाश वाचा कारण इथंच सगळं ठरतं. उजव्या हाताची ढिली मूठ करा, आत एक चिमणी धरली आहे आणि ती मरूही नये अन् उडूही नये अशी. आता पहिलं बोट म्हणजे तर्जनी जिथं पहिल्या सांध्यावर वळते ना, तिथं बाजूवर पिक आडवं ठेवा, बोटाच्या टोकावर नाही, बाजूवर. वरून अंगठा ठेवा, अंगठ्याचा मऊ भाग पिकवर येईल असा. टोक किती बाहेर ठेवायचं? जेमतेम 4-5 मिलिमीटर. त्यापेक्षा जास्त बाहेर असलं की पिक तारेत अडकतं आणि हातात फिरतं. बाकीची तीन बोटं सरळ ताठ करायची नाहीत आणि घट्ट मिटायचीही नाहीत, नैसर्गिक जशी वळतात तशी राहू द्या.

आणि दाब. आमच्या भजनी मंडळात एक म्हातारे काका आहेत, खंजिरी वाजवतात, मॅन्डोलिनला त्यांनी कधी हात लावला नाही, पण एकदा माझ्या एका पोराचा हात बघून ते म्हणाले, "काहून रे पोट्ट्या, कापूस वेचून राहिला का बोंड तोडून राहिला?" मला तेव्हापासून दुसरं काही शिकवावं लागत नाही. ज्यानं कापूस वेचला त्याला माहीत आहे, फुटलेल्या बोंडातून कापूस काढताना बोटं किती हलकी लागतात. दाबून ओढलं तर पालापाचोळा सोबत येतो आणि बोंडाचं टोक बोटात शिरतं, अगदीच हलकं धरलं तर अर्धा कापूस बोंडातच राहतो. पिकवरचा दाब तेवढाच, कापसाएवढा. वाजवता वाजवता पिक थोडं हललं, थोडं फिरलं तर घाबरू नका, ते होणारच, अंगठ्यानं सरकवून परत जागेवर आणायचं. पिक हातातून पडतं म्हणून आवळून धरायचं नाही. पडतं तर पिकच्या दोन्ही बाजूंना ब्लेडनं चौकटीसारख्या बारीक रेघा मारा, किंवा मधे बारीक छिद्र पाडा, पकड येते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा घामानं सगळ्यांचंच पिक घसरतं, दुपट्ट्याला हात पुसत पुसत वाजवायचं आणि वाजवून झालं की तारासुद्धा पुसून ठेवायच्या, घामानं तारा गंजतात.

हात वाद्यावर कुठं ठेवायचा? कोपरापुढचा हाताचा जाड भाग मॅन्डोलिनच्या मागच्या कडेवर, शेपटीजवळ, टेकवा. नुसता टेकवा, वजन टाकू नका. तिथून पुढं मनगट मोकळं लटकलं पाहिजे. तळहाताची खालची बाजू घोडीवर, म्हणजे तारा ज्या उभ्या पट्टीवरून जातात तिच्यावर, टेकवायची खूप जणांना सवय लागते, आधार वाटतो म्हणून, पण घोडीवर हात आला की तारेचा आवाज दबतो, जणू कोणी तबल्यावर चादर टाकली. करंगळी वाद्याच्या पोटावर रोवायची का? चांगले चांगले वाजवणारे रोवतात हे मी बघितलं आहे, पण नवीन माणसानं रोवू नये असं माझं मत आहे, कारण करंगळी रोवली की मनगट अर्धं बांधलं जातं आणि मग लय वाढवायची वेळ आली की सगळा जोर कोपरात जातो. करंगळी घसटत गेली, जाता जाता पोटाला स्पर्श झाला, तर चालतं. खुंटा मारल्यासारखी रोवायची नाही.

आपल्याकडची एक खास अडचण आहे जी कोणत्या इंग्रजी व्हिडिओत सापडत नाही. तिकडे बहुतेक जण खुर्चीवर बसून नाहीतर उभं राहून वाजवतात, आपण भजनात मांडी घालून बसतो. मांडी घातली की मॅन्डोलिन एकदम खाली मांडीत जातं, उजवा खांदा झुकतो आणि मनगट वाकडं होऊन जातं. याचा उपाय साधा आहे, उजव्या मांडीवर चादरीची घडी ठेवा, त्यावर वाद्य, आणि पट्टा गळ्यात घालाच, बसले असले तरी. पट्ट्यानं वाद्य उचललेलं राहतं आणि डाव्या हाताला ते सांभाळावं लागत नाही. यू. श्रीनिवास, ज्यांनी कर्नाटकी संगीतात मॅन्डोलिन आणलं, ते मैफिलीत मांडी घालूनच वाजवायचे. त्यांचे व्हिडिओ नक्की बघा, पण एक ध्यानात ठेवा, त्यांचं मॅन्डोलिन इलेक्ट्रिक होतं आणि त्याला पाच सुट्या तारा होत्या, जोड्या नव्हत्या. म्हणून त्यांचं मनगट बघा, किती शांत आहे ते बघा, पण आवाज तसाच यावा म्हणून आपल्या जोडीच्या तारांवर जोर करत बसू नका.

आता हालचाल. हात धुतल्यावर टॉवेल नसला तर आपण पाणी कसं झटकतो? मनगट सैल, बोटं सैल, आणि झटका मनगटातून. ते एकदा करून बघा, वाद्य बाजूला ठेवून. मग कुलपात चाबी घालून अर्धी फिरवतो तसं मनगट फिरवून बघा. मॅन्डोलिनचा ठोका या दोन्हींच्या मधे कुठंतरी आहे, थोडं झटकणं थोडं फिरवणं, कोणाचं एक जास्त असतं कोणाचं दुसरं. कोपर हलणार नाही असं मी म्हणत नाही, थोडं हलेल, पण ते मनगटाच्या मागं मागं हलेल, पुढं नाही. तपासायची एक सोपी रीत, डाव्या हातानं उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग हलकेच धरा आणि उजव्या हातानं मोकळी तार वाजवा. आतला स्नायू दगडासारखा लागला तर तुम्ही कोपरातून वाजवून राहिले. थांबा, हात झटका, परत सुरू करा.

जोडीची गोष्ट सांगतो, कारण गिटारीवरून येणारे इथंच चुकतात. जोडी म्हणजे बैलजोडी समजा. दोन्ही बैल एकदम निघाले तर तास, म्हणजे नांगराची रेघ, सरळ जातो, एक पुढं अन् एक मागं राहिला तर तास वाकडा. पिक जोडीतून जाताना दोन्ही तारांना लागलं पाहिजे, आणि इतक्या पटकन की कानाला एकच आवाज यावा. नवीन माणसाच्या हातात खालून वर जाताना बहुतेक वेळा एकच तार लागते, म्हणून त्याचा रा, म्हणजे वर येणारा ठोका, बारीक येतो. हे तपासायला सावकाश एक ठोका खाली, एक वर वाजवा आणि नीट ऐका, दोन्ही आवाज सारखे जाड आहेत का. पिक तारेत किती आत घालायचं? फक्त टोक, 1-2 मिलिमीटर. जास्त आत घातलं की तार खेचली जाते आणि हात अडखळतो. आणि पिक तारेला अगदी सपाट लावू नका, जराशी तिरपी कड करा, वखराची पास म्हणजे लोखंडी पातं जमिनीला कशी थोडी तिरपी लागते तशी, म्हणजे ते तारेवरून सरकतं, अडत नाही. फार तिरपं केलं तर मात्र घासल्याचा आवाज येतो.

कुठं वाजवायचं, हेही हातातच आहे. घोडीजवळ वाजवलं तर आवाज कडक आणि पातळ, पडद्यांच्या शेवटाकडे गेलं तर गोड आणि मऊ. घोडी आणि शेवटचा पडदा यांच्या मधोमध सुरू करा, तिथून इकडेतिकडे सरकून बघा, प्रत्येक वाद्याची एक गोड जागा असते आणि ती कानानंच सापडते.

दा आणि रा. खाली जाणारा ठोका दा, वर येणारा रा. सतारवाल्यांकडे शिकलेला कोणी असेल तर त्याला सांगून ठेवतो, सतारीत आत येणारा ठोका दा असतो, आपल्याकडे सरोदसारखं खालचा ठोका दा. गोंधळ नको.

पहिला आठवडा फक्त दा. तबल्याचं अ‍ॅप किंवा मेट्रोनोम 60 वर लावा, म्हणजे सेकंदाला एक ठोका. प्रत्येक ठोक्यावर एक दा, दोन मिनिटं जी, दोन मिनिटं डी, मग ए, मग ई. आठ मिनिटं. कंटाळवाणं आहे, मान्य आहे, पण याच आठ मिनिटांत हात शिकतो. दा मारल्यावर पिक पुढच्या जोडीवर अलगद टेकू द्या, म्हणजे जी वर दा मारला की पिक डी वर जाऊन थांबलं. टेकल्यानं आवाज भरून येतो आणि हाताला कळतं की किती खोल गेलो. नंतर लय वाढली की हे टेकणं आपोआप सुटतं, पण सुरुवातीला खूप कामाचं आहे.

दुसऱ्या आठवड्यात दा-रा. प्रत्येक मात्रेवर दा, आणि दोन मात्रांच्या मधोमध रा. इथला एकच नियम आहे आणि तो कधीच मोडायचा नाही: हात घड्याळाच्या लंबकासारखा चालूच राहिला पाहिजे, तार वाजो न वाजो. म्हणजे समजा तुम्हाला एका मात्रेवर सूर हवा आहे आणि पुढच्या अर्ध्या मात्रेवर नको आहे, तर हात थांबवायचा नाही, रा ची हालचाल करायची पण तारेला न लागता हवेतून. असं केलं की मात्रेवर आपोआप दा च येतो आणि अर्ध्या मात्रेवर रा च. खंजिरी वाजवणाऱ्याचा हात बघा, थापा कमीजास्त होतात पण हाताचं चालणं थांबत नाही. आमच्या भागात तुकडोजी महाराजांची भजनं प्रत्येक गावात होतात, खंजिरी वाजवणारं पोरगं प्रत्येक गल्लीत आहे, त्याच्या बाजूला बसून ऐकणं हाच मोठा क्लास आहे.

केहरवा तालात हे सोपं जातं. आठ मात्रा, चार-चारचे दोन भाग, दा रा दा रा दा रा दा रा, पहिल्या आणि पाचव्या मात्रेला जरा जोर, आणि दोन्ही जागी दा च येतो. दादरा तालात अडचण येते. सहा मात्रा, तीन-तीन. सरळ दा रा दा रा दा रा वाजवलं तर चौथी मात्रा, जिथं दुसरा भाग सुरू होतो, तिथं रा येतो, आणि रा नेहमी जरा हलका असतो म्हणून दादऱ्याचा झोका निघून जातो. त्यासाठी दा रा दा, दा रा दा असं वाजवा. मधे दोन दा लागोपाठ येतात, तिथं हात पटकन वर आणायचा, सुरुवातीला अडखळेल, चार दिवसांत बसेल. आयर्लंडच्या लोकसंगीतात तीन-तीनच्या चाली असतात त्यांना जिग म्हणतात, त्या वाजवणारेही हेच करतात, म्हणजे ही काही आपलीच अडचण नाही. आणि रूपक तालात, सात मात्रांत, प्रत्येक मात्रेला एकच ठोका घेतला तर पहिलं आवर्तन दा नं सुरू होतं आणि दुसरं रा नं, डोकं फिरतं. तिथं मात्रेचे दोन भाग करा, मात्रेवर दा, अर्ध्यावर रा, म्हणजे सात मात्रांत चौदा ठोके होतात आणि प्रत्येक आवर्तन दा वरच येतं. विलंबित म्हणजे संथ लय असेल तर हेच सगळ्यात सोपं.

रा कमजोर राहतो ही सगळ्यांची तक्रार. त्यासाठी उलटं वाजवा, रोज दोन मिनिटं रा नं सुरुवात करा, रा दा रा दा, आणि जोर रा वर द्या. मग चार ठोक्यांच्या गटात एकदा पहिल्यावर जोर, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, मग चौथ्यावर. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून ऐका, कोणता दा आणि कोणता रा हे ओळखू आलं नाही तर तुम्ही जिंकले. हाताचा स्लो मोशन व्हिडिओ घेतला तर अजून चांगलं, हात तारेपासून किती दूर उडून जातो ते दिसतं. दूर उडणारा हात परत यायला वेळ घेतो आणि तिथंच लय सुटते. दोन ठोक्यांमधे पिक तारेपासून बोटाच्या नखाएवढ्या अंतरापलीकडे जाऊ नये.

तिसऱ्या आठवड्यात एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर जायचं. आधी प्रत्येक जोडीवर चार ठोके, जी डी ए ई आणि परत उलटं. मग दोन-दोन. मग एक-एक, आणि हे एक-एकच खरं अवघड, कारण जी वर दा मारून लगेच डी वर रा मारायचा म्हणजे पिकला डी ची जोडी ओलांडून पलीकडे जाऊन खालून वर यायचं आहे. मग तीन-तीन करा, यात मजा अशी की जी वर दा रा दा येतं आणि डी वर रा दा रा, म्हणजे प्रत्येक जोडीची सुरुवात बदलत राहते. जोडी बदलताना नुसतं मनगट वाकवून पोचायचं नाही, पूर्ण हात कोपरापासून थोडा खाली-वर सरकू द्या, मनगटाचा कोन तोच राहिला पाहिजे.

याचा सराव मी अंधारात केला. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं असलं की आमच्याकडे शेतीची लाईन पुष्कळदा रात्रीच येते, मोटर सुरू केली, बारे धरले की मधे अर्धा-पाऊण तास बसायचंच. बॅटरी बंद करून, पाण्याचा आवाज ऐकत, मी मोकळ्या तारांवर जी डी ए ई फिरवत बसायचो. डोळ्याला काही दिसत नाही म्हटल्यावर हात आपोआप अंतर मोजायला लागतो. थंडीत बोटं आखडायची, तर आधी शेकोटीवर हात शेकून घ्यायचे, गार हातानं जोरात वाजवायला जाऊ नका, दुखतं. पोरांनाही मी हेच करायला लावतो, शेवटची पाच मिनिटं देवळातला लाईट बंद. पहिल्या दिवशी गोंधळ, आठव्या दिवशी सगळे बरोबर जोडीवर.

हे सगळं जमल्यावरच ट्रेमोलो, म्हणजे तो थरथरणारा लांब सूर, ज्याच्यासाठी लोक मॅन्डोलिन घेतात. मॅन्डोलिनची तार आखूड आहे, सूर पटकन मरतो, म्हणून लांब सूर हवा तर दा-रा सतत चालू ठेवावा लागतो. लोकांना वाटतं की त्याला हात कडक करून कापरा भरवायचा. अगदी उलटं आहे. ट्रेमोलो म्हणजे तोच दा-रा, फक्त लवकर. 60 च्या लयीत मात्रेला चार ठोके घ्या, म्हणजे सेकंदाला चार. ते सारखे आले की 65, मग 70. 120 वर पोचलात की सेकंदाला आठ ठोके होतात आणि कानाला सूर सलग ऐकू येतो. लय दर दोन-तीन दिवसांनी 5 नं वाढवा, हात कडक झाला की परत 10 नं खाली या. लय वाढते तशी हालचाल लहान होत गेली पाहिजे आणि पकड अजून हलकी. सूर बदलायचा तो दा वरच बदला, नाहीतर दोन सुरांच्या मधे खड्डा पडतो. आणि आवाज एकसारखा ठेवू नका, हळू सुरू करून भरत न्या, मग उतरवा, गाणाऱ्याचा श्वास जसा असतो तसा. सज्जाद हुसेन, जे हिंदी सिनेमाचे संगीतकार होते, त्यांचं मॅन्डोलिन मिळालं तर ऐका, रागातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आणि लांब सूर पडद्याच्या वाद्यावर कसे काढले आहेत. मी त्यांचं वाजवणं ऐकून आठ दिवस नुसता एक सूर वाजवत होतो.

चॉप म्हणून एक प्रकार आहे, अमेरिकेतल्या बिल मनरो यांच्यामुळं तिकडच्या ब्लूग्रास संगीतात तो रुजला, डाव्या हातानं कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे दोन-चार सूर, धरून खाली जोरात ठोका मारायचा आणि लगेच बोटं ढिली सोडायची, म्हणजे सूर मरतो आणि नुसती थाप ऐकू येते. चारच्या लयीत दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर वाजवतात. ते नंतर शिका, पहिल्या सहा महिन्यांत त्याची गरज नाही.

दुखण्याबद्दल. बोटाच्या टोकाला तार रुतून दुखणं वेगळं, ते डाव्या हाताचं आहे आणि जातं. उजव्या मनगटात किंवा कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ आली तर त्या दिवशी वाजवणं बंद. दात खाऊन पुढं वाजवायचं नाही, मी ते केलं आहे आणि मग पंधरा दिवस वखर सुद्धा धरता आलं नाही. दिवसातून एकदाच दोन तास बसण्यापेक्षा सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं, यात हात लवकर तयार होतो.

महिना झाला की घरात बसू नका, भजनात जाऊन बसा. डावा हात अजून तयार नाही म्हणून लाजायचं कारण नाही, मोकळ्या तारांवरसुद्धा साथ होते. पेटीवाल्याला विचारा, सा कुठला. पांढरी दोन, म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी, असेल तर तुमची डी ची जोडी सा आणि ए ची जोडी प, झालं काम. पांढरी पाच असेल तर जी सा आणि डी प. पांढरी सहा असेल तर ए आणि ई. पण आपल्याकडे बरेचदा काळी एकमधे गातात, तेव्हा आठही तारा अर्धा सूर खाली उतरवून घ्या, मग डी ची जोडी काळी एकवर येते आणि ए ची काळी चारवर, म्हणजे सा आणि प परत मोकळेच मिळाले. हे घरूनच करून जा, तिथं भजन सुरू झाल्यावर आठ खुंट्या फिरवत बसू नका. खंजिरीवाल्याच्या उजव्या बाजूला बसा, त्याचा हात दिसला पाहिजे. पहिलं भजन नुसता दा, प्रत्येक मात्रेला, हळू. दुसऱ्या भजनात मधला रा घाला. गाणारा वर गेला की तुम्ही जरा जोर वाढवा, तो खाली आला की तुम्हीही खाली या, आणि हात थांबू देऊ नका.